एका दाराच्या तीन पाट्या

गिरगावातील जुन्या चाळीतल्या खोलीचा दरवाजा हा सुतारकामाचा नमुना म्हणून दुय्यम आणि लेखनाचा नमुना म्हणून अव्वल असतो, हे विधान सकृद्दर्शनी धाडसी वाटले तरी पुराव्याने सिद्ध करता येते. दारावर भाडेकरूच्या नावाची पाटी असते, आणि तो भाडेकरू हयात असलाच पाहिजे अशी अट नसते. पाटीशेजारी घरमालकाने दिलेला खोली क्रमांक असतो. चौकटीवर जनगणनेच्या प्रगणकाने घातलेला आकडा असतो, जो खोली क्रमांकाशी जुळण्याचे कोणतेही बंधन मानत नाही. त्याखाली पल्स पोलिओच्या फेरीत स्वयंसेविकेने खडूने काढलेले ‘पी’ हे इंग्रजी अक्षर किंवा फुली असते. आणि या सर्वांच्या वर, वर्गणी दिल्याचा पुरावा म्हणून, मंडळाच्या गणपतीचे स्टिकर असते. पोस्टमन नाव वाचतो, प्रगणक आकडा वाचतो, स्वयंसेविका खडू वाचते, वर्गणी मागणारे कार्यकर्ते स्टिकर वाचतात आणि तरीही वर्गणी मागतात. यांपैकी कोणीही दुसऱ्याची नोंद वाचत नाही आणि चुकून वाचलीच तर मानत नाही. यावरून असा सिद्धांत निघतो की पाटीचा अर्थ पाटीत नसून ती वाचायला जिने चढून येणाऱ्या माणसात असतो. गिरगावात हा सिद्धांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जावा या संगणकभाषेतील अभियंत्यांना मात्र तो पटण्यासाठी बरीच वर्षे आणि पाट्यांचे तीन निरनिराळे संच खर्ची घालावे लागले.

जावाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २००४ साली, अ‍ॅनोटेशन नावाची सोय भाषेत आली. अ‍ॅनोटेशन म्हणजे आज्ञावलीतील एखाद्या वर्गाच्या, क्रियेच्या किंवा चलाच्या डोक्यावर ‘अ‍ॅट’ हे चिन्ह लावून लिहिलेली पाटी. ही पाटी स्वतः काहीही करत नाही, हे तिचे पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित वैशिष्ट्य होय. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी ज्याप्रमाणे कोणाचेही तोंड बंद करत नाही, त्याप्रमाणे ‘हा घटक आहे’ ही पाटी कोणत्याही वर्गाला घटक बनवत नाही. ती वाचून पुढची कारवाई करणारे एखादे अवजार असले तरच तिला अर्थ प्राप्त होतो, आणि ते नसेल तर ती केवळ भिंतीची शोभा ठरते.

प्रस्तुत वाद ज्या चाळीत घडला तिचे नाव ओएसजीआय. १९९९ साली स्थापन झालेल्या एका संघटनेने जावातील मोठमोठ्या आज्ञावल्या सुट्या भागांत बांधण्यासाठी ही व्यवस्था आखली. तिच्यातील सुट्या भागाला बंडल म्हणतात, आणि मराठीत या शब्दाला ‘थाप’ असाही अर्थ आहे याची कल्पना संघटनेला नसावी. तो अर्थ पुढे उपयोगी पडणार असल्याने वाचकाने ध्यानात ठेवावा. बंडल म्हणजे चाळीतील एक खोली असे मानल्यास तिच्या मॅनिफेस्ट नावाच्या कागदावर ‘आम्हाला शेजारून काय लागते’ आणि ‘आमच्याकडून काय नेता येईल’ यांची यादी असते. खोल्यांमधील परस्परव्यवहार सेवांच्या रूपाने चालतो: जिला सेवा द्यायची ती खोली सामाईक गॅलरीत तशी नोंद करते आणि जिला ती हवी ती खोली तेथून उचलते. वाटी साखर आणि चमचा विरजण यांच्या देवघेवीवर चाललेल्या संस्कृतीला यात नवे काहीच नाही, फक्त येथे वाटी परत करण्याची अट अधिक कडक आहे.

ही नोंद आणि उचल प्रत्येक खोलीने स्वतः हातांनी करावी अशी मूळ पद्धत होती आणि तीत चुका फार होत. म्हणून २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीत ‘डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेस’, म्हणजे जाहीर केलेल्या सेवांची पद्धत, आली. घटकाने आपल्या गरजा आणि आपली देणी एक्सएमएल या टोकदार कंसांच्या भाषेत लिहून ठेवावीत आणि बाकीची धावपळ चाळीच्या रखवालदाराने करावी, असे तिचे स्वरूप होते. पद्धत उत्तम होती. परंतु टोकदार कंसांचे ते लिखाण अभियंत्याने हाताने करायचे होते, आणि वर्गाचे नाव एका ठिकाणी बदलून दुसऱ्या ठिकाणी बदलायचे विसरणे हा मनुष्यस्वभाव असल्याने जुन्या भाडेकरूच्या नावाची पाटी आणि नवा भाडेकरू ही गिरगावातील परिस्थिती संगणकातही निर्माण झाली. यावर उपाय असा निघाला की पाटी वर्गाच्या डोक्यावरच लावावी आणि ती वाचून एक्सएमएल तयार करण्याचे काम अवजाराकडे सोपवावे. उपाय एक होता; तो सुचलेले लोक अनेक होते.

अपाची फेलिक्स या मुक्त प्रकल्पाने प्रारंभी टिप्पण्यांच्या मजकुरातच खुणा घालण्याची पद्धत काढली आणि नंतर स्वतःच्या अ‍ॅनोटेशनांचा संच सिद्ध केला, जो वाचण्यासाठी स्वतःचे वेगळे अवजारही दिले. पीटर क्रीन्स यांनी घडवलेल्या बीएनडी या बंडले बांधणाऱ्या अवजाराने आपला दुसरा संच आणला. अखेरीस संघटनेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या विनिर्देशात, डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसच्या १.२ या आवृत्तीबरोबर, तिसरा आणि अधिकृत संच दिला. दोन पर्यायांतून होणारा गोंधळ मिटवण्यासाठी तिसरा पर्याय निर्माण करणे ही पद्धत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांतून सुपरिचित असल्यामुळे तिचे अधिक विवेचन येथे आवश्यक नाही.

तिन्ही संचांतील मुख्य पाटीचे नाव ‘कंपोनंट’, म्हणजे घटक, असेच आहे. स्प्रिंग या लोकप्रिय चौकटीतही ‘कंपोनंट’ आहे, फेलिक्सच्याच आयपोजो नावाच्या दुसऱ्या प्रकल्पात ‘कंपोनंट’ आहे आणि डॅगर या अवजारातही ‘कंपोनंट’ आहे. परकीय भाष्यकार याला नामसंघर्ष म्हणतात. लालबागचा रहिवासी याला भाद्रपद म्हणेल. त्या परिसरात १९३४ साली सुरू झालेला लालबागचा राजा आहे आणि तेथून पायी काही मिनिटांवर गणेश गल्लीत १९२८ सालापासूनचा मुंबईचा राजा आहे. पुढे परळचा राजा आहे, गिरगावचा राजा आहे, आणि एवढे राजे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत दहा दिवस सुखाने राज्य करतात. भाविकांचा गोंधळ होत नाही, कारण मराठी भाषेने या प्रश्नावर षष्ठी विभक्ती नावाचा तोडगा फार पूर्वी काढून ठेवला आहे. नुसते ‘राजा’ म्हणून रांगेत उभे राहिलेल्या माणसाला आपण कोठे पोहोचणार हे सांगता येत नाही. ‘लालबागचा’ म्हटले की प्रश्न मिटतो. जावातील षष्ठीला पॅकेज म्हणतात. अधिकृत पाटीचे पूर्ण नाव ‘ऑर्ग डॉट ओएसजीआय डॉट सर्व्हिस डॉट कंपोनंट डॉट अ‍ॅनोटेशन्स’ या लांबलचक कुळाने सुरू होते आणि फेलिक्सच्या पाटीचे ‘ऑर्ग डॉट अपाची डॉट फेलिक्स’ या दुसऱ्या कुळाने. दुर्दैवाने हे कूळ फाइलच्या माथ्यावर एकदाच लिहिले जाते, तेही बहुधा संपादकाच्या आज्ञावलीने सुचवलेल्या यादीतील पहिले नाव डोळे मिटून निवडल्यामुळे. खाली वर्गाच्या डोक्यावर दिसतो तो नुसता राजा. परिणामी अनेक अभियंते लालबागच्या रांगेत उभे आहोत अशा समजुतीने तासन्‌तास भलत्याच रांगेत उभे राहतात, आणि दोन्हीकडे गर्दी सारखीच असल्याने त्यांना शंकाही येत नाही.

पाटी कोठवर टिकते हा यापुढील प्रश्न होय, आणि तो समजून घेण्यासाठी गिरणगावात जाणे सोयीचे आहे. परळ-लालबाग भागातील कापडाच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या, तरी पिठाच्या गिरण्या चालू राहिल्या, कारण पोळीला पर्याय निघालेला नाही. दळणाच्या डब्यात गव्हावर जी चिठ्ठी ठेवलेली असते, तिच्यावर नाव, वजन आणि ‘जाड’ किंवा ‘बारीक’ एवढा मजकूर असतो. ही चिठ्ठी घरातून गिरणीपर्यंत जाते, गिरणीवाला ती वाचतो, आणि पोळीत ती कधीही सापडत नाही. सापडल्यास गिरणी बदलली जाते. जावात पाटीच्या आयुष्याचे असेच तीन प्रकार आहेत. पहिली पाटी केवळ मूळ लेखनात राहते. ती म्हणजे ‘दळण न्यायचे आहे’ ही स्वयंपाकघरातील पाटीवर खडूने लिहिलेली आठवण, जी घराबाहेर पडत नाही. दुसरी भाषांतरित वर्गाच्या फाइलीपर्यंत जाते, पण आज्ञावली चालू असताना तिचा मागमूस नसतो. ती म्हणजे दळणाची चिठ्ठी. तिसरी चालत्या आज्ञावलीतही वाचता येते. ती म्हणजे पेढ्यावर उमटवलेला छाप, जो खाणाऱ्याच्या जिभेपर्यंत सोबत करतो. स्प्रिंगची पाटी पेढ्याच्या जातीची आहे, तर ओएसजीआयच्या अधिकृत संचातील पाट्या दळणाच्या चिठ्ठीच्या जातीच्या आहेत. बंडल बांधताना अवजार त्या वाचते, त्यांच्यावरून एक्सएमएल दळते आणि डब्यात भरते; पुढे रखवालदार फक्त ते पीठ ओळखतो.

या वस्तुस्थितीतून निघणारा निष्कर्ष वादाच्या दोन्ही पक्षांना अप्रिय असल्यामुळे सहसा उच्चारला जात नाही. तिन्ही संचांतून शेवटी निघते ते एकाच घडणीचे एक्सएमएल. म्हणून एका खोलीने फेलिक्सच्या चिठ्ठ्या वापरल्या आणि शेजारच्या खोलीने अधिकृत चिठ्ठ्या वापरल्या तरी चालत्या चाळीत दोघींचे उत्तम जमते, आणि कोणी कोणती चिठ्ठी लिहिली होती हे रखवालदाराला कळतही नाही. ज्या चिठ्ठीवरून कार्यालयांत सभा होतात, सभांची टिपणे निघतात आणि टिपणांवर पुन्हा सभा होतात, ती चिठ्ठी गिरणीच्या दारातच केरात जाते.

तथापि चिठ्ठी केरात जाणार म्हणून तिच्यावर काहीही लिहावे असे मात्र नाही, कारण तिन्ही बोलींत सौजन्याचे संकेत भिन्न आहेत. फेलिक्सच्या बोलीत ‘हा घटक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. तो सेवा देतो हे सांगण्यासाठी ‘सर्व्हिस’ ही दुसरी पाटी लावावी लागते. अधिकृत बोलीत घटक ज्या इंटरफेसांची, म्हणजे लेखी वचनांची, थेट पूर्तता करतो त्या सर्व सेवा तो देतो असे न सांगता गृहीत धरले जाते. कोकणस्थ यजमान आणि सीकेपी यजमान यांच्या ‘जेवून जा’ या वाक्यांत जो भेद सांगितला जातो, तोच येथे आहे. फेलिक्सच्या बोलीत दुसरी पाटी विसरल्यास मोठी करुण स्थिती उद्भवते: सेवा देणारा घटक गिऱ्हाईक येईपर्यंत निवांत झोपतो आणि कोणी मागणी केली की मगच जागा होतो, परंतु सेवा जाहीर न केलेला घटक गरजा भागताच ताबडतोब उठून तयार होतो, म्हणजे तो पहाटे अंघोळ करून, गंध लावून, दुकानात गल्ल्यावर बसतो, आणि दुकानाला पाटी नसल्याने दिवसभर कोणीही येत नाही.

दुसरा भेद परावलंबनाचा. दुसऱ्याची सेवा हवी असल्यास तिन्ही संचांत ‘रेफरन्स’ ही पाटी लावतात. फेलिक्सने ती चलावर लावण्याची मुभा दिली आणि सेवा आत घेण्याच्या व बाहेर सोडण्याच्या क्रिया अवजारच वर्गात गुपचूप घालू लागले. गिरणीवाल्याने दळता दळता पिठात चवीपुरते मीठही घालावे, तसा हा प्रकार होता. पोळी चांगली होई, पण मीठ कोठून आले हे शोधणाऱ्याचे वाईट हाल होत. अधिकृत संचाने प्रारंभी ही मुभा नाकारली, क्रिया हाताने लिहायला लावल्या, आणि ‘बाइंड’ने सुरू होणाऱ्या क्रियेची जोडी ‘अनबाइंड’शी व ‘अ‍ॅड’ची ‘रिमूव्ह’शी नावावरूनच जुळवण्याचा नेम घातला. पुढे १.३ या आवृत्तीत त्याने चलावरील पाटी मान्य केली, मात्र ते काम रखवालदाराकडे सोपवून पीठ शुद्ध ठेवले.

सेवा किती हव्या हे सांगण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. ‘एकच आणि हवीच’, ‘असली तर एक’, ‘असतील तितक्या’ आणि ‘किमान एक’ असे चार प्रकार असून दूधवाल्याच्या उदाहरणाने ते चटकन समजतात. ‘एकच आणि हवाच’ असा दूधवाला ज्या घराने जाहीर केला आहे, त्या घरात तो येईपर्यंत चहा तर होत नाहीच, पण घर अस्तित्वात आले असेही मानले जात नाही. याखेरीज धोरण सांगावे लागते. स्थिर धोरणात दूधवाला बदलला की जुने कुटुंब विसर्जित करून त्याच खोलीत नवे कुटुंब स्थापन केले जाते. चंचल धोरणात चहा उकळत असतानाच दूधवाला बदलतो आणि भांडे सांभाळण्याची जबाबदारी गृहिणीवर पडते. अननुभवी अभियंते स्थिर धोरण क्रूर म्हणून नाकारतात आणि चंचल धोरण आधुनिक म्हणून स्वीकारतात. मग चहा ओट्यावर, शेगडीवर आणि शेजारच्या खोलीत सांडल्यावर पहिल्याकडे परततात. अधिकृत संचात ‘काहीच सांगितले नाही तर एकच, हवीच आणि स्थिर’ असा संकेत आहे, आणि मध्यमवर्गीय गृहस्थाश्रमाचे इतके संक्षिप्त वर्णन अन्यत्र आढळत नाही.

तिसरा भेद गुणधर्मांचा. फेलिक्समध्ये प्रत्येक गुणधर्माला ‘प्रॉपर्टी’ ही स्वतंत्र पाटी होती, त्यामुळे काही वर्गांवर वर्गाहून पाट्यांचाच पसारा मोठा होई आणि दर्शनी भाग दादर स्थानकाबाहेरच्या दुकानांच्या रांगेसारखा दिसे. अधिकृत संचाने ते सारे एका ओळीच्या अवतरणात कोंबले, ज्यात नाव, विसर्गासारखी दोन टिंबे, प्रकार, बरोबरीचे चिन्ह आणि किंमत असा क्रम चुकला तर दोष वाचणाऱ्याचा नसे. १.३ मध्ये यावर सुधारणा म्हणून गुणधर्मांना वर्गासारखा साचा मिळाला. परंतु जावाच्या नावांत टिंब चालत नसल्याने असा नियम करावा लागला की एक अंडरस्कोर म्हणजे टिंब समजावे आणि दोन अंडरस्कोर म्हणजे एक अंडरस्कोर समजावे. सोवळ्यातील स्वयंपाकघरात जे संकेत असत, त्यांच्या जवळपास जाणारा हा नियम असून तो पाठ झालेल्या माणसाकडे नवशिके आदराने पाहतात.

हे सर्व भेद सुसह्य ठरले असते, जर चुकीची चिठ्ठी लिहिल्यावर कोणीतरी ओरडले असते. वस्तुस्थिती अशी की फेलिक्सची पाटी लावली आणि बांधणीत फेलिक्सचे अवजार जोडायचे राहिले, तर भाषांतर बिनतक्रार होते, बंडल बांधले जाते, चाळीत दाखल होते, आणि त्याच्या नावापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्दही झळकतो. फक्त आत घटक नावाची वस्तू नसते. खोलीत दिवा चालू आहे, पंखा फिरतो आहे, दाराला तोरण आहे, आणि माणूस कोणी नाही. अशा वेळी बंडल या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. लालबागच्या जागी भलत्या राजाची पाटी आयात झाली तरी हाच अनुभव येतो, आणि रखवालदाराला दोष देता येत नाही, कारण त्याच्यापर्यंत कागदच पोहोचलेला नसतो. कमांडच्या खिडकीत ‘एससीआर लिस्ट’ अशी विचारणा केल्यावर तो घटकांची यादी वाचून दाखवतो. यादीत नसलेल्याविषयी तो काही बोलत नाही, आणि हा गुण मुंबईतील सर्व रखवालदारांत सारखाच आढळतो.

प्रमाणीकरण कसे करावे याचा धडा दादर स्थानकाने दिला आहे. तेथे पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वे शेजारी नांदतात, आणि दोघींनी आपापल्या फलाटांना एकपासून क्रमांक दिलेले असल्यामुळे ‘एक नंबरवर भेटू’ या वाक्याने अनेक भेटी होऊ शकल्या नाहीत. त्यांपैकी काही भेटी विवाहविषयक असल्याने समाजाचे किती नुकसान झाले हे सांगता येत नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक लागू झाले. दोन रेल्वे एक झाल्या नाहीत, स्थानकाची दोन सांकेतिक नावेही, मध्यचे ‘डीआर’ आणि पश्चिमचे ‘डीडीआर’, तशीच राहिली. फक्त आकडे एका रांगेत आले. येथे सूक्ष्म गोष्ट अशी की पश्चिमेच्या प्रवाशाला नवे काहीच शिकावे लागले नाही आणि सारी उजळणी मध्यच्या प्रवाशाच्या वाट्याला आली. अधिकृत अ‍ॅनोटेशनांबाबतही असेच घडले: त्यांचा तोंडवळा बीएनडीच्या पाट्यांशी मिळताजुळता असल्याने त्या घरचे लोक थोडक्यात सुटले, आणि फेलिक्सवाल्यांना ‘सर्व्हिस’ काढून टाकून ‘प्रॉपर्टी’ नव्याने लिहाव्या लागल्या. प्रमाणीकरणात सर्वांनी थोडे थोडे सोडावे असे म्हणतात. प्रत्यक्षात एकाने सर्व सोडायचे आणि दुसऱ्याने ते कौतुकाने पाहायचे असते.

याहून हळुवार मार्ग टपाल खात्याने दाखवला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला तेव्हा गिरगावच्या ‘मुंबई ४’चे ४००००४ झाले आणि दादरच्या ‘मुंबई १४’चे ४०००१४, जुनी पाटी नव्या पाटीच्या शेपटीत सुखरूप राहिली, आणि ज्यांना नवे शिकायचे नव्हते त्यांना आपण जुनेच लिहितो आहोत असे समाधान मिळाले. उलट ज्या रस्त्यावर अर्धी मुंबई संगणकाचे सुटे भाग घ्यायला जाते, त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असूनही टॅक्सीत बसणारा ‘लॅमिंग्टन रोड’च म्हणतो, कारण पाटी महापालिकेने बदलली तरी वाचक बदलला नाही. फेलिक्सने स्वतःच्या संचाची केवळ देखभाल ठेवून अधिकृत संच वापरण्याची शिफारस केली, त्यालाही बराच काळ लोटला. तरीही जुन्या प्रकल्पांत जुन्या पाट्या तशाच लटकत आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारी टॅक्सी अजून मिळते.

पाट्यांचा वाद कधीच झाला नाही अशी या शहरातील एकमेव मोठी व्यवस्था डबेवाल्यांची होय. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या सेवेत पूर्वी रंगीत धाग्यांनी आणि पुढे रंग, अक्षरे व आकडे यांनी डब्यावर खूण होत आली. डबा अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हात त्या खुणेतील आपल्यापुरता तुकडा वाचतो: कोणाला उतरायचे स्थानक हवे असते, कोणाला इमारत, कोणाला मजला. तरीही दुसरा संच निघाला नाही, कारण खूण रंगवणारा आणि वाचणारा एकाच पंगतीतले असून चुकीच्या खुणेमुळे उपाशी राहणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटते. अ‍ॅनोटेशन लिहिणारा अभियंता, ते वाचणारे अवजार आणि परिणाम भोगणारा ग्राहक यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही, हेच जावातील पाट्यांच्या विपुलतेचे मूळ कारण मानावे लागेल.

निवडीचा प्रश्न एवढ्या विवेचनानंतर फार उरत नाही. नव्या बंडलासाठी अधिकृत संचच घ्यावा, कारण तो वाचणारे बीएनडी हे अवजार बहुतेक बांधणीत आधीच येऊन बसलेले असते आणि तिसऱ्या आवृत्तीपासून ते या पाट्या न सांगताही वाचते. म्हणजे जिने चढून येणारा माणूस रोजचाच आहे. जुन्या घरात फेलिक्सच्या पाट्या असतील आणि त्यांचा वाचकही नियमित येत असेल, तर केवळ शोभेसाठी त्या उतरवू नयेत. मात्र घराची दुरुस्ती निघालीच तर एकेक खोली पूर्ण बदलावी, कारण शेजारच्या दोन खोल्यांत दोन संच नांदतात, पण एकाच दारावर दोन संच लावले की दोन वाचक येतात आणि दोघेही आपापले एक्सएमएल देऊन जातात. आणि कोणताही संच निवडला तरी फाइलीच्या माथ्यावरची षष्ठी विभक्ती डोळे उघडे ठेवून वाचावी.

एवढे करूनही एक उणीव राहते, आणि ती तिन्ही संचांत सारखीच आहे. परळच्या गिरणीत बिनचिठ्ठीचा डबा आला, किंवा चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही, तर गिरणीवाला पट्टा थांबवतो, पांढऱ्या भुवया वर करतो आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ‘हा डबा कोणाचा?’ असे विचारतो. त्यासरशी पलीकडच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून उत्तर येते, ‘आमचा! जाड दळा!’ जावाच्या अभियंत्यांनी तीन चिठ्ठ्या शोधून काढल्या, त्यांच्यावर विनिर्देश लिहिले, एक अंडरस्कोर आणि दोन अंडरस्कोर यांतील भेद निश्चित केला. पट्टा थांबवून ओरडणारा माणूस मात्र त्यांना अद्याप गिरणीत बसवता आलेला नाही.